स्क्रीनवर लाल फुली आल्यावर

गणित लॅपटॉपवर शिकायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी पार खचले होते. साइन ३० म्हणजे ०.५, हे तोंडपाठ. आणि कॅल्क्युलेटर −०.९८८ दाखवत होता. अर्धा तास मी स्वतःच्याच डोक्याला दोष देत बसले. कोन अंशांऐवजी रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककात, मोजला जात होता, एवढंच. तेव्हापासून फुली आली की आधी बघते: चूक गणितातली, टाइप करतानाची, की सेटिंगमधली? निम्म्या वेळा तरी धीर तिथेच परत येतो.

खरी कसोटी लागते ती गणितच अडतं तेव्हा. जिओजेब्रा हे मोफत सॉफ्टवेअर (मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केलेलं) उघडून मी 'वाय = एक्स वर्ग + बी एक्स + १' हा आलेख काढला आणि बी-साठी स्लायडर (ओढून किंमत बदलायची पट्टी) घेतला. बी वाढवला की आलेख नुसता डावीकडे सरकेल, असा अंदाज वहीत लिहिला होता. तो डावीकडे गेला, पण खालीही उतरला. बी ऋण केला, तर उजवीकडे गेला आणि पुन्हा खालीच! शिरोबिंदूचा, म्हणजे आलेखाच्या सर्वांत खालच्या बिंदूचा, माग उमटवला, तर ठिपक्याठिपक्यांनी एक उलटा पॅराबोला (पालथ्या वाडग्यासारखा वक्र) तयार झाला. का, ते सुचेना. उत्तर शोधायचा मोह फार झाला, पण दोन संध्याकाळी वहीतच झगडले. शिरोबिंदूचा एक्स म्हणजे −बी/२, आणि वाय म्हणजे १ − बी वर्ग/४. दोन्हींतून बी घालवला आणि समोर आलं: वाय = १ − एक्स वर्ग. तो आनंद मला अजून आठवतो.

आधी अंदाज लिहिला नसता, तर ते हलतं चित्र बघून मी नुसती मान डोलावली असती. म्हणून नव्याने येणाऱ्यांना कळकळीने सांगते, बटण दाबण्याआधी पेन हातात घ्या. 'हिंट'वर जाण्याआधी नेमकं काय अडलंय ते एका वाक्यात लिहा; 'काहीच कळत नाही' हे वाक्य धरायचं नाही. रोजच्या सरावाची साखळी तुटल्याचं ॲपने कळवलं, तर खुशाल तुटू द्या.

आणि फारच अडलात तर सोपे आकडे घ्या. बी-च्या जागी ०, २, ४ घालून शिरोबिंदू हाताने काढा: (०, १), (−१, ०), (−२, −३). मग स्लायडर हलवा.