साहित्यप्रकार शिकायला बसताय? आधी निकष विचारा

मराठी घेऊन एमएला आला असाल आणि साहित्यप्रकारांचा पेपर समोर असेल तर हे तुमच्यासाठी. कथा-कादंबरीची ओळख करून देत बसत नाही, ती तुम्हाला आहेच. मी जिथे अडकले तेवढंच सांगते, कारण दरवर्षी कुणी ना कुणी नेमकं तिथेच अडकताना बघते आणि जीव तुटतो.

परीक्षेआधी मी एक तक्ता केला होता. एका ओळीत नऊ चौकटी, कविता, कथा, कादंबरी, नाटक, चरित्र, अभंग, बखर, विनोदी साहित्य, ग्रामीण साहित्य. प्रत्येकीखाली व्याख्या आणि दोन-दोन लेखकांची नावं, महिनाभर तोच तक्ता घोकला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी तो बघितला आणि एकच विचारलं, ग्रामीण विनोदी कथा यातल्या कुठल्या चौकटीत टाकाल? मी कथेवर बोट ठेवलं, मग विनोदीवर, मग ग्रामीणवर, आणि गप्प बसले. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त म्हणाल्या, या चौकटी एका ओळीत आल्याच कशा? आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

तर सापळा हा आहे. साहित्यप्रकारांची नावं आपण एका दमात म्हणतो म्हणून ती एकाच जातीची वाटतात, पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात. कथा, कादंबरी, नाटक हे रूपाबद्दल सांगतात, म्हणजे रचना कशी आहे. विनोदी हे वाचणाऱ्यावर होणाऱ्या परिणामाबद्दल. ग्रामीण हे अनुभव कुठल्या जगातला आहे याबद्दल. अभंग हे आधी छंदाचं नाव आणि मग त्या छंदातल्या भक्तिरचनेचंही. बखर म्हटलं की गद्य, इतिहासाचा विषय आणि एक विशिष्ट काळ असं सगळं एकदम येतं. आता हे सगळं एका ओळीत मांडलं तर वर्गीकरण होतच नाही, नुसती यादी होते.

अजून एकदा सांगते, कारण मला हे एकदा ऐकून कळलं नव्हतं. ज्ञानेश्वरी घ्या, शके 1212 म्हणजे 1290 ची. माध्यम विचारलं तर पद्य. छंद विचारला तर ओवी. ग्रंथाचं काम काय असं विचारलं तर टीका, गीतेवरचं भाष्य. बोलण्याची तऱ्हा विचारली तर समोर श्रोते बसलेत असं धरून केलेलं निरूपण. चारही उत्तरं बरोबर आहेत, एकानं दुसरं खोटं पडत नाही. पण ज्ञानेश्वरी ओवी आहे की टीका असा प्रश्न केला तर तो प्रश्नच चुकलेला आहे, आणि परीक्षेत आपण नेमका तोच सोडवत बसतो. म्हणून उत्तराच्या पहिल्या वाक्यातच निकष लिहून टाका, रूपाच्या दृष्टीनं असं, आशयाच्या दृष्टीनं असं. एवढ्यानं निम्मा गोंधळ मिटतो, खरंच.

कोण सांगतंय यावरून प्रकार ठरवायची घाईही नको. भालचंद्र नेमाडेंच्या कोसला (1963) मध्ये नायक पांडुरंग सांगवीकर सगळं मी म्हणून सांगतो, तरी ती कादंबरी आहे. बलुतं (1978) मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी लेखक दया पवारांना सांगतो, म्हणजे एकाच माणसाची दोन रूपं समोरासमोर बसलीयेत, आणि ते आत्मकथन आहे. निवेदनाची तऱ्हा हा एक निकष झाला, सांगितलेलं आयुष्य लेखकाचं स्वतःचं म्हणून पुढे ठेवलंय का हा दुसरा. मी पहिल्या वर्षी कोसलाला बिनधास्त आत्मचरित्र लिहून आले होते आणि ते मार्क गेले ते गेलेच.

पण घाबरून जाऊ नका, हा गोंधळ तुमचा एकट्याचा नाही. संस्कृत काव्यशास्त्रात भामहानं फरक केला की आख्यायिका नायक स्वतः सांगतो आणि कथा दुसरा कुणीतरी सांगतो. दंडीनं काव्यादर्श या आपल्या ग्रंथात हा भेद उडवून लावला, म्हणाला जात एकच आहे, नावं दोन. हजार वर्षांहून जुनं भांडण आहे हे, तुम्ही एका सेमिस्टरमध्ये गोंधळलात तर काही बिघडत नाही.

गाईडबद्दल माझं मत कडक आहे. आदल्या रात्री आठवण ताजी करायला ठीक, पण गाईडवरून साहित्यप्रकार शिकू नका, कृपा करा. तिथे व्याख्या आधी असते आणि कलाकृती उदाहरणापुरती, त्यामुळे डोक्यात उलटा क्रम पक्का बसतो. उदाहरणार्थ मोठ्या अभंगाचा नियम सगळे पाठ करतात, चार चरण, अक्षरं 6, 6, 6, 4 आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. आता तुकारामांचं 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें, पक्षी ही सुस्वरें आळविती' बोटांवर मोजा. वृक्षवल्ली आम्हां सहा. सोयरीं वनचरें सात! मग सहा, मग चार. मी तीनदा मोजलं होतं, वाटलं माझंच चुकतंय. चुकत नव्हतं, म्हणताना ते जास्तीचं अक्षर खटकत नाही, चालीत सामावून जातं, वनचरें-सुस्वरें यमक तर जागच्या जागी आहे. हे मोजलं त्या दिवशी मला कळलं की नियम रचनांवरून काढलेला असतो.

हे मोजायला लावलं ते वर्गातल्या कुणी नाही, दोन वर्षं पुढच्या एका ताईनं. तिनं मला एकही नोट दिली नाही, मी मागितल्या तरी. तेव्हा राग आला होता. आता वाटतं मार्गदर्शक निवडायचाच तर असा निवडा जो तुमच्यासोबत एक रचना तासभर बघत बसेल. नोट्स डिक्टेट करणारा कितीही मोठा असू दे, त्याच्यामागे धावण्यात वर्षं घालवू नका. आणि एखाद्या सरांना फक्त रूपच महत्त्वाचं वाटत असेल किंवा फक्त आशय, तर त्यांच्याकडून तेवढंच घ्या, बाकीचं दुसरीकडे शोधा.

बाकी भाग सोपा आहे. सुनीत म्हणजे चौदा ओळी, गझलेत शेर, म्हणजे दोन ओळींचे तुकडे, स्वतंत्र आणि काफिया (यमक) नि रदीफ (त्यामागे तसाच परत येणारा शब्द) सांभाळलेले, हे दोन-तीन रचना वाचल्या की येतं. दीर्घकथा आणि लघुकादंबरी यांच्यात पानं मोजून फरक करू नका, अनुभवाचा आवाका बघा. एकांकिकेचंही तसंच, मोठं नाटक कापून ती होत नाही.

तो जुना तक्ता मी फाडला नाही, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नवा केला. वर निकष, रूप, छंद, आशय, निवेदन, आणि डावीकडे एकेक कलाकृती. काही घरं मी पेननं भरलीत, काही पेन्सिलनं. बलुतंची अख्खी ओळ अजून पेन्सिलनंच आहे, दर वाचनानंतर त्यातलं काहीतरी खोडून पुन्हा लिहावं लागतं.