डोंगरात गरम झऱ्यांजवळ तंबू ठोकताय? या चुका टाळा

डोंगरातल्या गरम झऱ्यांजवळ मुक्कामाला निघालेल्यांच्या पिशवीत पोहण्याचे कपडे दोन-दोन जोड असतात आणि स्लीपिंग बॅग मात्र उन्हाळी. ‘तिथं गरम पाणी आहेच की’ हा त्यामागचा हिशेब असतो, आणि तो चुकतो. झऱ्याची ऊब कुंडाच्या काठाशी संपते. तिथून चार पावलांवर डोंगरातली रात्र जशी असते तशीच असते. म्हणून मुक्कामाची तयारी झरा नाहीच असं धरून करा, आणि झऱ्यात उतरताना ते पाणी अनोळखी आहे असं धरून उतरा. खालच्या बहुतेक चुका या दोहोंपैकी एक गोष्ट विसरल्यामुळे होतात.

तंबू कुंडाला खेटून लावणं

काठावर तंबू लावला की पहाटे उठून थेट पाण्यात, ही कल्पना छान वाटते. पण पहाटे तोच तंबू आतून ठिबकत असतो. कुंडातून रात्रभर वाफ निघते आणि तंबूच्या गार कापडाला लागून तिचं पाणी होतं. पारा शून्याखाली गेला तर ते पाणी गोठतं, आणि सकाळी ऊन पडलं की वितळून स्लीपिंग बॅगवर गळतं. पिसांची बॅग एकदा ओली झाली की पिसं चिकटून बसतात आणि तिची ऊब जाते.

त्यात झरे बहुधा दरीच्या तळाशी, खोलगट जागी असतात. रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि अशाच खोलगटात साचते. म्हणजे वाफेमुळे उबदार वाटणारी जागा मध्यरात्रीनंतर आसपासची सर्वांत गार जागा ठरू शकते.

वायूंचा धोका याहून गंभीर आहे. कुजक्या अंड्यांसारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि वारा नसेल तर खळग्यात साठतो. त्याचं प्रमाण फार वाढलं की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणून उग्र वास येत होता आणि आता अचानक येईनासा झाला, तर हायसं वाटून घेऊ नका. तिथून उठा आणि चढाच्या दिशेनं, मोकळ्या वाऱ्यात जा. कार्बन डायऑक्साइडही असाच खाली साचतो, आणि त्याला तर वासच नसतो.

ठरवून दिलेल्या जागा असतील तर तंबू तिथंच लावा. नसतील तर झऱ्यापासून आणि कुठल्याही पाण्यापासून किमान ६० मीटर लांब, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ८० पावलं, आणि तळापेक्षा थोड्या उंचवट्यावर जागा शोधा. वारा झऱ्याकडून तंबूकडे येत नाही ना, ते पाहा. खुंटी ठोकण्याआधी जमिनीवर तळहात टेकवा. जमीन कोमट लागली, पांढरट पापुद्रा दिसला किंवा आजूबाजूला गवत उगवत नसेल तर ती जागा सोडा. वाफेशेजारच्या जमिनीचा वरचा थर कधी कधी इतका पातळ असतो की माणसाच्या वजनानं तो खचतो आणि खाली उकळतं पाणी असतं.

तंबू आतून ओला झालाच तर दोन्ही बाजूंचे झरोके उघडा, थंडी वाजत असली तरी. आतलं कापड हलवण्याआधी सुक्या फडक्यानं टिपून घ्या. आणि ओला टॉवेल आत ठेवलाय का, ते आधी बघा. कुंडावरून आणलेले ओले कपडे आत वाळत घातले की ते पाणी रात्रभर कापडावर चढत राहतं. ते बाहेर दोरीवरच राहू द्या, गोठले तरी चालतील.

झोपण्याच्या सामानात काटछाट

स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं छापलेली असतात, ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’. खरेदी करताना बहुतेक जण लिमिट बघतात. ते अंग आखडून कसाबसा तग धरण्याचं तापमान आहे. रात्रीचा अपेक्षित पारा धरा, त्याहून ५ अंश खाली कम्फर्ट असलेली बॅग घ्या. खालच्या मॅटचं आर-मूल्य, म्हणजे ती जमिनीची थंडी किती अडवते ते सांगणारा आकडा, पारा शून्याच्या आसपास जाणार असेल तर ४ किंवा जास्त हवं. एक मॅट कमी पडत असेल तर दोन एकावर एक घाला, मूल्यांची बेरीज होते. पाठीखालून गार लागत असेल तर अंगावर आणखी कपडे चढवून फारसा फरक पडत नाही.

रंग आणि वाफ पाहून पाण्याचा अंदाज बांधणं

निळंशार, तळ दिसणारं पाणी पाहिलं की ते स्वच्छ आणि सुखद वाटतं. बऱ्याचदा सर्वांत तापलेलं पाणी तेच असतं. कडेनं दिसणारे केशरी, पिवळे, हिरवे पट्टे म्हणजे सूक्ष्मजीवांचे जिवंत थर. प्रकाशावर जगणारे जीव साधारण ७३ अंश सेल्सिअसपर्यंतच तग धरतात, त्यामुळे त्याहून गरम भागात हे रंग दिसत नाहीत आणि पाणी निव्वळ निळं राहतं. याचा अर्थ केशरी कड ‘सुरक्षित’ असा मात्र होत नाही; ६५ अंशांतही रंग फुलतात. हे थर पायानं तुडवू नका, ओरबाडू नका. १९६६ साली अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या झऱ्यांतून मिळालेल्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूच्या विकरावर (एन्झाइमवर) पुढे डीएनएच्या प्रती काढणारी पीसीआर चाचणी उभी राहिली. इतकं मोलाचं काही त्या चिकट थरात असू शकतं.

वाफही फसवते. ती पाण्याच्या उष्णतेइतकीच बाहेरच्या हवेवर अवलंबून असते. गार पहाटे ३८ अंशांचं पाणीही धुरासारखी वाफ सोडतं, आणि कोरड्या भर दुपारी ८० अंशांच्या कुंडावर जेमतेम दिसते.

उपाय एकच, थर्मामीटर. स्वयंपाकाचा किंवा मत्स्यपेटीचा साधा थर्मामीटर दोरीला बांधून लांबून सोडा, आणि तीन-चार जागी, वर आणि तळाशी, प्रत्येक ठिकाणी मिनिटभर ठेवून आकडा वाचा. संथ कुंडात गरम पाणी वर तरंगतं, पण झरा वाळूतून फुटत असेल तर तळच जास्त तापलेला असतो. त्यामुळे एकाच जागचा आकडा घेऊन भागत नाही. लांबून रोखायचा इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त पृष्ठभाग वाचतो आणि मध्ये वाफ आली की तोही चुकतो. बोट बुडवून पाहणं तर नकोच. थंडीनं बधिरलेल्या बोटाला नेमकं काही कळत नाही.

आकड्यांचा अर्थ असा: ४० अंश ही बसण्याची वरची मर्यादा. ४९ अंशांत काही मिनिटांत कातडी भाजते. ६० अंशांत सुमारे ५ सेकंदांत खोल भाजतं, म्हणजे पाय काढून घेईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आत बसल्यावर पायाची बोटं वाळूत रुतवू नका, झऱ्याचं तोंड तिथंच असू शकतं.

‘मागच्या वेळी हेच कुंड छान होतं’ यावरही विसंबू नका. १७ ऑगस्ट १९५९ च्या हेब्गेन लेक भूकंपानंतर यलोस्टोनमधल्या अनेक झऱ्यांचं वागणं बदललं, शांत झरे उसळू लागले. आणि भूकंपच व्हावा लागतो असंही नाही. २३ जुलै २०२४ ला तिथल्याच बिस्किट बेसिनमध्ये जमिनीखालच्या तापलेल्या पाण्याचा स्फोट झाला आणि पर्यटकांसाठीच्या फळ्यांच्या वाटेची मोडतोड झाली. एखादा भाग बंद ठेवला असेल आणि समोर सगळं निवांत दिसत असेल, तरी दोर ओलांडू नका.

कुत्रा सोबत असेल तर पट्टा हातातच. १९८१ साली यलोस्टोनमध्ये कुंडात पडलेल्या कुत्र्याला वाचवायला एका तरुणानं उडी घेतली. पाणी सुमारे ९४ अंशांचं होतं. दोघेही वाचले नाहीत.

डोकं पाण्याखाली नेणं

कोमट, नैसर्गिक गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो. तो गिळल्यानं नाही, नाकातून शिरल्यानं मेंदूपर्यंत पोचतो. संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर बहुधा जीव जातो. डुबकी नको, सूर मारणं नको, मुलांचं पाणी उडवणं नको, तळाचा गाळ ढवळणं नको. कॉन्टॅक्ट लेन्सही आधी काढा.

चक्कर नेमकी कशाची, हे न ओळखणं

एका वेळी १५ मिनिटं पुरेत. मग काठावर बसा, पाणी प्या, वाटलं तर पुन्हा उतरा. उठताना आधी बसते व्हा, मग उभे राहा. गरम पाण्यानं रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, झटकन उठलं की रक्तदाब उतरतो आणि माणूस खडकावर कोसळतो. दारू पिऊन कुंडात बसणं टाळाच. गरोदरपण, हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं.

मुक्काम २,५०० मीटरच्या वर असेल तर गोंधळ वाढतो, कारण गरम पाण्याची चक्कर आणि उंची न मानवल्याची चक्कर सुरुवातीला सारखीच वाटते. पाण्याबाहेर येऊन, पाणी पिऊन, आडवं होऊनही तासाभरात डोकेदुखी आणि मळमळ ओसरली नाही, तर ती उंचीचीच समजा आणि आणखी वर चढू नका. त्रास वाढत गेला, बोलण्यात विसंगती आली किंवा चालताना झोक जाऊ लागला तर रात्र असली तरी खाली उतरा.

बाहेर आल्यावरचा अर्धा तास

सगळ्यात जास्त माणसं इथं गारठतात, आणि तयारी नेमकी याच वेळेची नसते. कातडीकडे रक्त धावत असतं, अंग ओलं असतं, वारा सुटलेला असतो. पाण्यातली कमाई दोन मिनिटांत उडून जाते.

उतरण्यापूर्वी एक पाणीरोधक पिशवी भरून काठावर ठेवा. जे आधी लागणार ते सर्वांत वर: टॉवेल, मग लोकरी टोपी, मग अंगातला सुका थर, विजार, मोजे. बूट उपडे ठेवा, म्हणजे आत दव पडणार नाही. हेडलॅम्प पिशवीत नको, कपाळावरच असू द्या. बाहेर येताच केस पुसून टोपी घाला, मग छाती-पाठ, मग पाय.

इथं एक बारीक गोष्ट आहे. गरम पाण्यातून आल्यावर काही मिनिटं घाम येतच राहतो. लगेच जाड जॅकेट चढवून बॅगेत शिरलात तर तो घाम बॅग पिते, आणि पहाटे तीनला थंडी का वाजतेय ते कळत नाही. आधी पातळ सुका थर आणि वर वारा अडवणारं जॅकेट, एवढ्यावर दहा मिनिटं काढा. घाम थांबला की मग जाड कपडे. रात्रीचं शेवटचं बसणं झोपेच्या तासभर आधी संपवा, केस ओले ठेवून झोपू नका.

कुणी कुडकुडू लागलं तर सुके कपडे, टोपी, गोड गरम पेय आणि बॅग. पण कुडकुडणं थांबून बोलणं जड झालं, माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर त्याला ‘ऊब मिळेल’ म्हणून कुंडात बसवू नका. अशा अवस्थेत गरम पाण्यानं रक्तदाब एकदम कोसळतो आणि हृदयाची लय बिघडू शकते. त्याला आडवं ठेवा, कमीत कमी हलवा, ओले कपडे कापून काढा, खालून-वरून गुंडाळा आणि मदत बोलवा.

झऱ्याच्या पाण्याचा भलता वापर

हे पाणी पिऊ नका, त्यात रांधू नका. आर्सेनिक आणि फ्लोराइड त्यात विरघळलेले असू शकतात. उकळल्यानं ते जात नाहीत, उलट दाट होतात, आणि ट्रेकिंगचे साधे फिल्टरही ते अडवत नाहीत. पिण्याचं पाणी सोबत आणा किंवा झऱ्याचं पाणी मिसळण्याआधीच्या, वरच्या ओढ्यातून घेऊन शुद्ध करा.

गॅसचा डबा गारठला की ज्योत मंदावते, कारण ब्युटेन शून्याच्या आसपास वायूरूप घेईनासा होतो. पण म्हणून डबा गरम करायला कुंडात बुडवून ठेवू नका. ५० अंशांच्या वर तो फुटण्याचा धोका असतो. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण आणा आणि डबा रात्री बॅगेत घेऊन झोपा. ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ कच्ची राहिली तर दोष डाळीचा नाही. झाकण ठेवा आणि जादा इंधन धरा. स्टोव्ह तंबूत पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

साबण ‘विघटनशील’ असला तरी कुंडात नको. धुणं-अंघोळ ६० मीटर लांब. शौचाचा खड्डाही तेवढाच लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल. चांदीचे दागिने काळे पडले असतील तर गंधकाचा थर बसलाय: भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी घाला, दागिना फॉइलला टेकवून ठेवा. थर निघतो.

भाजल्यावर चुकीचे उपचार

बर्फ, टूथपेस्ट, तेल काही लावू नका. अंगठी आणि ओला कपडा लगेच काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. भाजलेला भाग २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, बाकीचं अंग झाकून उबदार ठेवा, मग स्वच्छ प्लास्टिकच्या पातळ आवरणानं सैल झाका. हातभर जागा असो की तळहाताएवढी, फोड आले असतील तर दवाखाना गाठायचाच. आणि जवळचा ओढा खरोखर गार आहे ना, हे पोचल्या दिवशीच थर्मामीटर बुडवून पाहून ठेवा. झऱ्याखालच्या ओढ्यांत गरम धार मिसळलेली असते, आणि घाईच्या क्षणी ती शोधत बसायला वेळ नसतो.