रक्ताआधीची दहा सेकंदे : निंजा आणि तलवारबाजीचे रक्तरंजित चित्रपट कसे पाहावेत

आपल्याकडे मारामारीचा कोणताही परदेशी चित्रपट असला, तरी त्याला सरसकट 'कराटेचा पिक्चर' म्हणण्याची जुनी सवय आहे आणि ज्याला या चित्रपटांची गोडी लावून घ्यायची आहे त्याने सर्वांत आधी ती सोडावी. कराटे ही ओकिनावा बेटांवर वाढून पुढे जपानभर पसरलेली निःशस्त्र लढतीची कला आहे, कुंग फू हा शब्द चीनमधल्या अनेक लढाऊ परंपरांसाठी वापरला जातो, आणि पेन्चाक सिलाट इंडोनेशिया-मलेशियाच्या मातीतले आहे. जपानी तलवारबाजीच्या चित्रपटांना तिकडे 'चांबारा' म्हणतात; पात्यावर पाते आदळण्याच्या आवाजावरून तो शब्द आला, जसा आपल्याकडे 'खणखणाट'. ही वर्गवारी पाहणाऱ्याच्या फार कामाची आहे, कारण रक्त कधी आणि किती सांडणार हे प्रत्येक परंपरेत वेगळ्या रीतीने ठरते. चांबारात दोघे योद्धे बराच वेळ स्थिर उभे राहतात आणि निकाल एका वारात लागतो; हाँगकाँगच्या चित्रपटात लढत लांबत जाते, शस्त्रे बदलतात आणि पोटात भाला घुसलेला नायक त्याच अवस्थेत आणखी पाच जणांना लोळवतो.

हे चित्रपट मी शाळकरी वयापासून पाहत आलो आहे, आणि रक्त दिसताच तोंड फिरवणाऱ्या मित्रांना माझे एकच सांगणे असते : रक्त उडण्याआधीची दहा सेकंदे नीट पाहा. चांगला दिग्दर्शक आपले सगळे कसब तिथे ओततो. त्या दहा सेकंदांत काहीच घडत नसेल, तर पुढे सांडलेले रक्त बादलीभर असले तरी वाया जाते.

म्हणूनच सुरुवात ज्या चित्रपटात जवळजवळ शेवटपर्यंत रक्त दिसत नाही, अशा चित्रपटाने करावी. आकिरा कुरोसावा यांचा १९६२ सालचा 'सांजुरो' हा कृष्णधवल चित्रपट बराचसा खेळकर आहे. पण त्याच्या शेवटी तोशिरो मिफुने आणि तात्सुया नाकादाई हे दोन नट हाताच्या अंतरावर समोरासमोर उभे राहतात, बराच वेळ कोणीही हलत नाही, आणि मग एका क्षणात तलवार उपसली जाऊन नाकादाईच्या छातीतून रक्ताचे कारंजे उसळते. वेशाखाली लपवलेल्या नळीतून दाबाने द्रव सोडून हे दृश्य साधले होते. जपानी पडद्यावर पुढच्या दहा-बारा वर्षांत जी कारंजी उडाली, त्यांचे मूळ या एका दृश्यात सापडते. ते पाहताना घड्याळ लावून शांतता मोजावी, आणि त्या काळात दोघांच्या डोळ्यांचे, खांद्यांचे आणि भोवती उभ्या असलेल्या तरुण सामुराईंचे काय होते ते टिपून ठेवावे.

त्यानंतर थेट 'लोन वुल्फ अँड कब' या मालिकेकडे जावे. काझुओ कोइके यांनी लिहिलेल्या आणि गोसेकी कोजिमा यांनी चितारलेल्या चित्रकथेवरून १९७२ ते १९७४ या काळात सहा चित्रपट निघाले. त्यांपैकी चार एकट्या १९७२ साली प्रदर्शित झाले. शोगुनचा, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाचा, अधिकृत शिरच्छेदक असलेला ओगामी इत्तो कटकारस्थानात सापडून पदभ्रष्ट होतो आणि लहानग्या मुलाला लाकडी ढकलगाडीत बसवून भाडोत्री मारेकरी म्हणून भटकत राहतो. घरोघर टीव्ही पोहोचल्यामुळे जपानी चित्रपटगृहे त्या काळात ओस पडू लागली होती, दाएइसारखी मोठी निर्मितीसंस्था १९७१ साली दिवाळखोरीत गेली होती, आणि टीव्हीवर दाखवता येणार नाही ते दाखवणे हा प्रेक्षक परत आणण्याचा एक मार्ग होता. तुटलेले हात आणि भडक लाल फवारे यांच्यामागे हे अर्थकारण आहे. पण केंजी मिसुमी यांनी दिग्दर्शित केलेला या मालिकेतला दुसरा चित्रपट पाहिला, की एवढ्याने समाधान होत नाही. त्याच्या अखेरीस वाळूच्या टेकड्यांत गळ्यावर वार झालेला एक योद्धा मरता मरता स्वतःच्या जखमेतून निघणारा वाऱ्यासारखा आवाज ऐकतो आणि त्याविषयी बोलतो. इतके भीषण आणि इतके काव्यमय दृश्य मी दुसऱ्या कोणत्या देशाच्या मारधाडपटात पाहिलेले नाही. ओगामी इत्तो साकारणारे तोमिसाबुरो वाकायामा अंगाने स्थूल आहेत, चेहरा दगडी आहे, आणि तरीही तलवार म्यानातून निघून परत जाण्याचा त्यांचा वेग पाहण्यासारखा आहे. तो पाहायचा असेल तर नजर पात्यावर न ठेवता त्यांच्या पायांवर ठेवावी.

याच मालिकेमुळे आवृत्तीचा प्रश्न पुढे येतो, आणि या छंदात त्याइतकी फसगत दुसरी कोणतीच होत नाही. १९८० साली अमेरिकेत पहिल्या चित्रपटाचा थोडा आणि दुसऱ्याचा बहुतेक भाग जोडून, इंग्रजी संवाद, लहान मुलाच्या आवाजातले निवेदन आणि नवे सिंथेसायझर संगीत घालून 'शोगुन असॅसिन' नावाचा एकच चित्रपट तयार करण्यात आला. तो आपल्या परीने प्रभावी आहे, १९९५ सालच्या एका गाजलेल्या रॅप अल्बममध्ये त्यातले संवाद वापरले गेले आहेत. पण मूळ चित्रपट पाहिल्याचे समाधान तो देत नाही. म्हणून कोणताही चित्रपट लावण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, मूळ कालावधी : समोरच्या प्रतीत दहा-पंधरा मिनिटे कमी असतील, तर बहुधा कात्री नेमकी लढतींनाच लागलेली असते. दुसरी, नाव : एकच चित्रपट देशोदेशी वेगवेगळ्या नावांनी विकला गेला आहे, तेव्हा दिग्दर्शक आणि साल यांवरून खात्री करावी. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चौकट. जपान आणि हाँगकाँगमधले त्या काळचे बहुतेक मारधाडपट रुंद पडद्यासाठी चित्रित झाले. त्यांची रुंदी उंचीच्या सव्वादोन पटींहून अधिक असते. लहानपणी आमच्या गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीतून आणलेल्या कॅसेटवर ही चौकट दोन्ही बाजूंनी कापलेली असे, त्यामुळे एक योद्धा हवेत वार करताना दिसे आणि दुसरा कुठे तरी पडद्याबाहेर मरत असे. मी कित्येक वर्षे त्या लढती गोंधळाच्या आहेत असे समजत होतो. अखंड चौकटीत तेच दृश्य पाहिले तेव्हा मधल्या रिकाम्या जागेतच सगळा ताण होता हे कळले, आणि इतकी वर्षे दिग्दर्शकाला दोष दिल्याचे मनापासून वाईट वाटले.

कात्रीचे प्रकार देशागणिक बदलतात. सॉनी चिबा यांच्या १९७४ सालच्या 'द स्ट्रीट फायटर'ला अमेरिकेत केवळ हिंसेपायी 'एक्स', म्हणजे फक्त प्रौढांसाठीचे, प्रमाणपत्र मिळाले होते. 'किल बिल'च्या २००३ सालच्या पहिल्या भागातली मोठी तलवारबाजी अमेरिकी प्रतीत बऱ्याच अंशी कृष्णधवल आहे आणि जपानी प्रतीत रंगीत. ब्रिटनमध्ये तर नुनचाकू (साखळीने जोडलेले दोन दांडके) आणि चांदणीच्या आकाराच्या फेकण्याच्या पात्यांवर चित्रपट-परीक्षकांचा इतका रोष होता, की मुलांच्या एका कार्टून मालिकेच्या नावातला 'निंजा' काढून तिथे 'हीरो' घालण्यात आला.

आता निंजांविषयी. इतिहासातल्या निंजांचे काम मुख्यतः हेरगिरीचे आणि घुसखोरीचे होते, आणि त्यांची सर्वांत प्रसिद्ध ठिकाणे म्हणजे आजच्या मिए प्रांतातले इगा आणि शेजारच्या शिगा प्रांतातले कोका, म्हणजेच पूर्वीचे कोगा. ज्याने ओळखले जाऊ नये त्याने उठून दिसणारा काळा पोशाख कशाला घालावा, हा प्रश्न रास्त आहे. तो पोशाख रंगभूमीच्या संकेतांतून आला असे मानले जाते, कारण जपानी नाटकात काळ्या कपड्यांतला मदतनीस प्रेक्षकांनी 'अदृश्य' धरायचा असतो. हा संकेत लक्षात ठेवला, की निंजा चित्रपटातला काळा आकार छतावरून उतरताना पाहण्याची मजा वाढते. सुरुवात १९६२ सालच्या 'शिनोबी नो मोनो'ने करावी. सात्सुओ यामामोतो यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि रायझो इचिकावा यांची प्रमुख भूमिका असलेल्या या चित्रपटात निंजा हा सत्ताधाऱ्यांकडून वापरला जाणारा, भेदरलेला माणूस आहे, त्यामुळे पुढच्या काळातले अजिंक्य निंजे कशातून निर्माण झाले ते समजते. 'एन्टर द निंजा' या १९८१ सालच्या चित्रपटाने अमेरिकेत निंजांची लाट आणली. त्यातल्या शो कोसुगी यांच्यासाठी तो एकदा जरूर पाहावा. त्या लाटेत दुसऱ्याच कुठल्या तरी चित्रपटाला रंगीबेरंगी निंजांची चार दृश्ये चिकटवून विकलेला मालही पुष्कळ निघाला. नव्या प्रेक्षकाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

हाँगकाँगकडून मात्र निंजांचा सर्वांत रक्तरंजित आणि सर्वांत कल्पक चित्रपट आला : शॉ ब्रदर्स या तिथल्या निर्मितीसंस्थेचा 'फाइव्ह एलिमेंट निंजाज', साल १९८२, दिग्दर्शक चांग चेह. सोने, लाकूड, पाणी, अग्नी आणि माती अशा पाच तत्त्वांचे पाच निंजा-गट यात आहेत. सोन्याचे निंजे चकचकीत ढालींनी डोळे दिपवतात, लाकडाचे झाडाच्या खोडात दडतात, आणि मातीचे जमिनीखालून भाले खुपसतात. चांग चेह यांना निष्ठेसाठी रक्तबंबाळ होऊन उभ्या उभ्या मरणारा तरुण योद्धा हा विषय आयुष्यभर पुरला. त्यांच्या चित्रपटांतले रक्त रंगाच्या डब्यातून नुकते ओतल्यासारखे लालभडक असते आणि पांढऱ्या कपड्यांवर ते मुद्दाम उठून दिसते. त्याला खोटे म्हणून हसण्याआधी दशावतारातला राक्षस आठवावा. खऱ्याचा आभास हा तिथे हेतूच नसतो.

एकदा ओळख झाली, की प्रत्येक आवडलेली लढत तीनदा पाहावी. पहिल्यांदा सलग. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, म्हणजे अंगाची हालचाल किती खरी आणि ध्वनीने किती उसनी दिली ते कळते. शॉ ब्रदर्सच्या चित्रपटांत आवाज नंतर भरला जात असल्याने हा फरक विशेष जाणवतो. तिसऱ्यांदा तुकडे मोजत : किती सेकंदांनी दृश्य तोडले आहे, आणि वार बसताना दोन्ही शरीरे एकाच चौकटीत आहेत का. गॅरेथ एव्हान्स यांचा २०११ सालचा 'द रेड' आणि २००९ सालचा 'निंजा असॅसिन' हे या कसोटीवर लागोपाठ लावून पाहावेत. पहिल्यात इको उवाइस आणि यायान रुहियान यांची सिलाटमधली अनेक वर्षांची तयारी कॅमेऱ्यासमोर उघडी पडते. दुसऱ्यात संगणकाने काढलेले रक्त हवेत तरंगते आणि अंधारात कोण कोणाला मारतो ते शोधावे लागते. मला दुसरा फारसा आवडत नाही, पण त्यात शो कोसुगी पुन्हा दिसतात, आणि एवढ्यासाठी मी तो दोनदा पाहिला आहे.

मित्रांना बोलावून पाहायचे असेल, तर आमंत्रणातच चित्रपटात काय आहे ते स्पष्ट सांगावे. मी एकदा ते सांगितले नाही, आणि आलेली एक मैत्रीण अर्ध्यातून उठून गेली. चूक संपूर्णपणे माझी होती. रक्त बहुतेकांना सोसते, पण सत्तरच्या दशकातल्या जपानी चित्रपटांत स्त्रियांवरच्या लैंगिक अत्याचाराची दृश्येही येतात, 'लोन वुल्फ'मध्ये येतात आणि मेइको काजी यांच्या 'लेडी स्नोब्लड'मध्ये तर सूडाची सगळी कथाच तिथून सुरू होते, आणि ती कोणावरही नकळत लादणे योग्य नाही. अठरा वर्षांखालील कोणी घरात असेल, तर बेत दुसऱ्या दिवशी ठेवावा. संवादांसाठी मूळ भाषा आणि उपशीर्षके निवडावीत. उपशीर्षके वाचणे ज्यांना जड जाते त्यांच्यासाठी कथेचा सारांश आधी पाच मिनिटांत मराठीत सांगून टाकावा, म्हणजे लढतीच्या वेळी नजर खाली जात नाही. जेवण चित्रपटाच्या आधी उरकावे.

एका संध्याकाळी दोनच चित्रपट लावावेत, आणि त्यांतला दुसरा शक्यतो लाउ कार-लेउंग यांचा १९७८ सालचा 'हीरोज ऑफ द ईस्ट' असावा. एक चिनी नवरा आणि त्याची जपानी बायको कोणाची युद्धकला श्रेष्ठ यावरून भांडतात, मग जपानहून एकेका शस्त्राचे तज्ज्ञ येतात, आणि सर्वांत शेवटी यासुआकी कुराता निंजाच्या युक्त्या घेऊन उभे राहतात. तलवारी, भाले, नुनचाकू सगळे चालते, आणि संपूर्ण चित्रपटात एकही माणूस मरत नाही. आधीच्या चित्रपटाने गप्प झालेली मंडळी तो पाहून पुन्हा बोलू लागतात, आणि कोणाची कोणती चाल बिनतोड होती यावरचा वाद दारात चपला घालेपर्यंत चालू राहतो.