सुरुंग पेरलेली जमीन परत शेतीसाठी मोकळी कशी करतात

आमच्या दादरच्या ट्रेकिंग ग्रुपमधले बरेच जण हल्ली कंबोडियाला जातायत, अंकोर वाट बघायला, आणि सह्याद्रीत पायवाट सोडून कुठेही घुसायची सवय सगळ्यांनाच, म्हणून हे लिहून ठेवतोय. तिकडे खेड्यापाड्यांत अजूनही जमिनीत सुरुंग आहेत.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, मशीन फिरवून एका दिवसात साफ का नाही करत? मशीन वापरतात की, पण मुख्यतः झुडपं काढायला आणि वरची माती भुसभुशीत करायला, त्यात काही सुरुंग फुटतात, काही तसेच राहतात, आणि एकजरी राहिला तरी त्या शेतात नांगर कोण घालणार?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम आधीच होतं, गावकऱ्यांशी बोलण्याचं. गुरं कुठे दगावली, सरपणाला बायका कुठल्या बाजूला जात नाहीत, सैनिकांचा तळ कुठे होता, हे सगळं विचारून नकाशा बनतो, नाहीतर रिकामी जमीन तपासण्यातच वर्षं जातात. मग हद्द आखायची. बऱ्याच ठिकाणी दगड अर्धे लाल अर्धे पांढरे रंगवतात, लाल बाजू धोक्याकडे, पांढरी सुरक्षित बाजूला. हे तर पाठच करा.

पुढे साधारण एक मीटर रुंदीची पट्टी धरून, सुरुंगाला जोडलेल्या, ओढल्या की स्फोट होईल अशा तारा लावल्यात का बघत गवत कापायचं, मग मेटल डिटेक्टर. आता गंमत नाही, खरी कटकट इथे आहे, डिटेक्टर खिळ्यालाही वाजतो, पत्र्याच्या तुकड्यालाही, आणि प्रत्येक आवाज सुरुंगाचाच धरून चालावं लागतं. सुरुंग बहुतेकदा वरून दाब पडला की फुटतो, म्हणून माणूस व्हायझर आणि जाड ॲप्रन घालून, अलीकडून खणत, थोडी थोडी माती खरवडत बाजूने त्याच्यापर्यंत पोचतो. सापडला की बहुतेकदा उचलत नाहीत, तिथेच स्फोटकं लावून उडवतात. कंबोडियात यासाठी आफ्रिकन उंदीरही आहेत, ते धातू नाही, स्फोटकाचा वास ओळखतात आणि वजनाने हलके म्हणून सुरुंग फुटत नाही. मगावा नावाच्या उंदराला २०२० मध्ये शौर्याचं सुवर्णपदक मिळालं होतं, त्याने शंभराच्या वर सुरुंग आणि स्फोटकं शोधली.

चुकून अशा जागी शिरलात तर थांबा, पाय हलवू नका, बाकीच्यांना ओरडून आहे तिथेच थांबवा, मदत मागवा. अनोळखी वस्तूला हात नाही, दगड मारून बघणं तर अजिबात नाही. पुरानंतर जास्त जपा, बोस्नियात २०१४ च्या पुरात सुरुंग आणि धोक्याच्या पाट्या दोन्ही वाहून गेल्या होत्या.

शेवटी दुसरी टीम नमुना तपासणी करते आणि जमीन गावाला कागदपत्रांसकट देतात. त्यात किती खोलपर्यंत तपासलंय ते लिहिलेलं असतं, बऱ्याचदा १३ ते २० सेंटीमीटरच, त्यामुळे तेवढ्या खोलीपर्यंत नांगरणी चालते, पण विहीर किंवा घराचा पाया खणायचा असेल तर आधी त्यांना परत बोलवायचं.