बाग बघायची तर जुलैत

ऐरोलीत राहून ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या बागा सांभाळायला लागले त्याला नऊ वर्षं झाली. शिक्षण कॉमर्सचं. झाडांचं जे काही येतं ते नर्सरीत पिशव्या भरून, माळ्यांच्या मागे फिरून आणि रविवारी बागा बघून. या कामात नव्याने येणारी मुलं विचारतात, "ताई, कुठल्या बागा बघू?" मी आधी विचारते, कधी जाणार?

जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्याच बागा देखण्या दिसतात. ठाणे महापालिकेचं वृक्षवल्ली प्रदर्शन, पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन, जरूर बघा. पण तिथला पिटुनिया कुंडीत वाढवून आणलेला असतो. चार दिवस मिरवतो आणि जातो. त्याने फुलांची नावं पाठ होतात एवढंच. आपल्याकडे वर्षाला 2500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यात बाग कशी तगते हे बघायला जुलैतच जावं लागतं. जमलं तर मे महिन्यातही.

माझं पहिलं स्वतंत्र काम घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या पोडियमवर होतं. खाली पार्किंग, वर स्लॅब, त्यावर जेमतेम दोन फूट माती. रहिवाशांना सावली हवी होती आणि मला काम. मी सोनमोहर लावून दिले. दोन वर्षांत झाडं छान डेरेदार झाली. तिसऱ्या जुलैत सकाळी सहाला सेक्रेटरींचा फोन आला, "मॅडम, तुमचं झाड आडवं झालंय." गेले तर मुळांचा अख्खा गोळा उपसून वर आलेला, ताटासारखा चपटा. खाली जायला वाव नाही म्हणून मुळं स्लॅबवरच पसरत गेली होती. मातीत बोट घातलं तर पिठलं. पाणी जायच्या जाळ्या गाळाने बुजलेल्या. ओली माती घनमीटरला 1.8 ते 2 टन भरते, हे त्या दिवशी स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून कळलं. सोबत बरंच काही ऐकूनही घेतलं.

त्याच महिन्यात मलबार हिलच्या हँगिंग गार्डनला गेले. शाळेच्या सहलीत आले होते, पण तेव्हा सगळं लक्ष समोरच्या बागेतल्या बुटाच्या आकाराच्या घराकडे, म्हातारीच्या बुटाकडे. फिरोजशहा मेहता उद्यान हे तिचं कागदावरचं नाव. 1880च्या दशकातली ही बाग चक्क पाण्याच्या जलाशयावर आहे. म्हणजे पोडियमच की! आणि त्यावर काय आहे? हिरवळ, फुलांचे वाफे, कातरून प्राण्यांचे आकार दिलेली झुडपं. त्यानंतर मी पोडियमवर कुंती, तगर, एक्झोरा आणि फार तर चाफा लावते. सावली हवी असेल तर मांडव घाला म्हणते.

राणीच्या बागेत मात्र नेमकं उलटं शिकायचं. नर्सरीत सगळी झाडं कमरेएवढी, सगळी गोड. मोठेपणी कोण किती जागा मागणार हे पिशवी बघून कळत नाही. भायखळ्याची ही बाग 1862 पासूनची. तिथल्या गोरखचिंचेच्या बुंध्याशी उभं राहिलं की दोन झाडांत किती अंतर सोडायचं याचा वाद मिटतो. प्राण्यांच्या पिंजऱ्यांकडे गर्दी असते, झाडांखाली कोणी नसतं, आपल्याला ते बरंच. तिथे मी पहिल्यांदा उर्वशी बघितली. हे झाड मूळचं म्यानमारचं. तिची कोवळी पानं मलूल, तांबूस, घडी न केलेल्या ओढणीसारखी लोंबत होती. मी शेजारच्या माळीमामांना म्हटलं, "मामा, हिला पाणी कमी पडतंय का?" ते हसले. "ताई, पालवी आहे ती. थोड्या दिवसांत हिरवी होऊन ताठ होईल." आपल्या सीताअशोकाची पालवीही तशीच लोंबते. तोवर मी एका सोसायटीतल्या सीताअशोकाला रोज दोन बादल्या जास्त घालत होते!

नवी मुंबईत काम करणार असाल तर माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान चुकवू नका. एके काळी तिथे शहराचा कचरा पडायचा, आज रान आहे. आपल्या खाडीकाठच्या सेक्टरांतही वर भरावाचा मुरूम आणि खाली खारट चिखल. झाड दोन वर्षं जोमात वाढतं, मग मुळं खाली पोचतात आणि पानांच्या कडा करपू लागतात. खत घालून ते सुधारत नाही. करंज, उंडी, नारळ अशी खाऱ्या जमिनीला सरावलेली मंडळीच निवडावी लागतात.

खाजगी बागांत माझी आवडती घोडबंदर रोडचीच, ओवळ्याची ओवळेकर वाडी. फुलपाखरांसाठी वाढवलेली. जाण्याआधी चौकशी करा. तिथे पानफुटीचं एक पान उजेडात धरून बघितलं. दोन पापुद्र्यांच्या मधे अळी, पुढे हिरवा गर आणि मागे रिकामी पारदर्शक वाट. रेड पिएरो फुलपाखराची अळी. अशी पानं दिसली की सोसायटीतून लगेच मेसेज येतो, औषध मारा. आता मी उलट फोटो पाठवते. कढीपत्ता-लिंबावरच्या अळ्यांचंही तेच. दहातले सात जण ऐकतात, उरलेल्यांसाठी पानफुटी कंपाउंडच्या मागे हलवते.

वहीत झाडांची यादी करत बसू नका, नावं मोबाइलही सांगतो. पाणी कुठे तुंबलंय, वाफ्याची कड कशाची आहे, पाचोळा उचलतात की तिथेच कुजवतात, माळी किती आहेत, एवढं लिहा. माळ्याशी बोलायचं तर दुपारी जेवणानंतर. सकाळी पाण्याचा पाइप हातात असतो, तेव्हा कोणी नीट बोलत नाही. रीतसर पदवी हवी असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं उद्यानविद्या महाविद्यालय आहे. कोकणची जमीन आणि पाऊस तिथे दारातच. मला ते वय निघून गेल्यावर कळलं.

आणि राणीची बाग बुधवारी बंद असते. मी दोनदा भायखळ्याहून तशीच परत आले आहे.