‘गाथा’ लिहिताना या चुका टाळा

थंडी पडली की बेळगावच्या आसपासच्या गावांत मराठी साहित्य संमेलनं सुरू होतात, आणि शहापुरातल्या छापखान्यात स्मरणिकांची मुद्रितं तपासायला मी बसतो. परवा एका लेखात ‘तुकारामांचा गाथा’ असं होतं. डीटीपी करणाऱ्या पोरानं परस्पर ‘तुकारामांची’ करून टाकलं. वर मलाच म्हणतो, “काका, लिंग चुकलं होतं बघा.”

चुकलं नव्हतं. अभंगांच्या संग्रहाला ‘तो गाथा’ही म्हणतात आणि ‘ती गाथा’ही. चूक खालच्या ओळीत होती: वर ‘गाथा’ पुल्लिंगी आणि खाली ‘गाथेतील अभंग’. ‘तो’ धरलात तर ‘गाथ्यातील’, ‘ती’ धरलीत तर ‘गाथेतील’. एका लेखात एकच.

गाथा म्हणजे लांबलचक कथा, ही समजूत मात्र लिंगापेक्षा जास्त घोटाळे करते. हाल या सातवाहन राजाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ घ्या. माहाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, आणि एकेक गाथा दोन ओळींची! शब्द आला ‘गै’ म्हणजे गाणे या धातूवरून. लांबीशी त्याचा संबंध नाही. तुकोबांचा गाथा जाडजूड दिसतो तो चार हजारांवर अभंग एकत्र बांधले म्हणून. सलग गोष्ट त्यात शोधू नका.

पोरगं घरी कन्नड बोलणारं. त्यानं विचारलं, “मग आमची गादे?” गादे म्हणजे म्हण, आणि तो याच गाथेचा तद्भव. ‘वेद सुळ्ळादरू गादे सुळ्ळागदु’, वेद खोटा ठरला तरी म्हण खोटी ठरायची नाही. आमच्याकडं शब्द लांबत गेला, तिकडं एका ओळीत आटला.

घराण्याच्या चार पिढ्यांच्या कादंबरीला ‘गाथा’ म्हणणं आता रूढ आहे, मी खोडत नाही. तिला ‘महाकाव्य’ म्हटलं तर मात्र खोडतो. दंडी या संस्कृत काव्यशास्त्रकारानं महाकाव्याला ‘सर्गबंध’, म्हणजे सर्गांत बांधलेलं काव्य, म्हटलंय. ‘रघुवंशा’चे 19 सर्ग आहेत. आइसलँडच्या जुन्या ‘सागा’, म्हणजे तिकडच्या घराण्यांच्या नि वीरांच्या कथा, तर गद्यातल्या, त्यांनाही महाकाव्य म्हणायचं कारण नाही.

‘यशोगाथा’नं तर उच्छाद मांडलाय. दोन म्हशींच्या पाच झाल्या, बारा ओळींचा मजकूर, वर मथळा ‘यशोगाथा’. आनंद आहे, पण ‘दोनाच्या पाच म्हशी’ हा मथळा जास्त वाचला जाईल. बोलताना आपण कुठं गाथा म्हणतो? कुणी लांबण लावली की ‘रामायण सांगू नको’ म्हणतो, नाहीतर ‘पुराण आवर’.

स्मरणिकेत शेवटी ‘गाथ्यातील’ छापलं. मुखपृष्ठावरची ‘गावाची महागाथा’ तेवढी राहिली. ते आदल्या दिवशीच छापून झालं होतं.