ठेकेदार 'रजिस्टर्ड' आहे म्हणून फाईल मिटवू नका : मोठ्या सरकारी कामात या चुका टाळा

निविदा शाखेत सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य म्हणजे, "अहो, रजिस्टर्ड ठेकेदार आहे, त्यात काय बघायचं?" सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नोंदणीवरून ठेकेदार कोणत्या वर्गाचा आणि किती रकमेपर्यंतची कामं भरू शकतो एवढंच कळतं. नोंदणी झाली त्या दिवशी त्याच्याकडे अभियंते होते, मशिनरी होती, बँकेची सॉल्व्हन्सी, म्हणजे आर्थिक ऐपतीचा दाखला होता. आज ती माणसं टिकलीत का, रस्त्यावर डांबर पसरवणारा पेव्हर कुठल्या साईटवर अडकलाय, हे त्या प्रमाणपत्रावर लिहिलेलं नसतं. पूल, रुग्णालय, न्यायालयाची इमारत अशा कामांत घोळाची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते.

हातातली कामं न मोजणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. बिड कपॅसिटीचं, म्हणजे ठेकेदार आणखी किती रकमेचं काम पेलू शकतो याचं सूत्र सगळ्यांना तोंडपाठ असतं : अ × न × २ − ब. 'अ' म्हणजे गेल्या पाच वर्षांतल्या सगळ्यात चांगल्या वर्षाची उलाढाल, 'न' म्हणजे कामाची मुदत वर्षांत, 'ब' म्हणजे हातातली कामं. (२ च्या जागी कुठे १.५, कुठे २.५ असतं, आपल्या निविदेत काय छापलंय ते बघा.)

समजा काम ६० कोटींचं, मुदत १८ महिने. ठेकेदाराची 'अ' ४० कोटी. म्हणजे ४० × १.५ × २ = १२० कोटी. त्याने 'ब' ५२ कोटी दाखवला, क्षमता निघाली ६८ कोटी. पास. पण शेजारच्या जिल्ह्यातलं २३ कोटींचं एक काम यादीत आलंच नसेल तर 'ब' ७५ आणि क्षमता ४५. तोच माणूस, तीच मशिनरी, आणि आता नापास. सगळा निकाल त्या एका 'ब'वर लटकलेला असतो आणि तो आकडा ठेकेदार स्वतःच लिहून देतो.

म्हणून फक्त प्रतिज्ञापत्रावर भागवू नका. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर त्याच्या नावाने लागलेली कामं काढा, आजूबाजूच्या विभागांना आणि जिल्हा परिषदेला फोन लावा. सीएच्या प्रमाणपत्रावरचा १८ अंकी यूडीआयएन (प्रत्येक प्रमाणपत्राचा वेगळा ओळख क्रमांक) तपासायला दोन मिनिटं लागतात. मात्र त्यावरून प्रमाणपत्र खरंच त्या सीएने दिलंय एवढंच सिद्ध होतं. कामांची यादी पुरी आहे असं नाही.

उलट बाजूची चूकही होते. 'ब'मध्ये हातातल्या कामाची पूर्ण किंमत धरतात. धरायचा असतो तो या निविदेच्या मुदतीत करायचा उरलेला भाग. अशा हिशेबाने चांगला ठेकेदार बाद केलात, तर कोर्टात उत्तर देताना तुमचीच पंचाईत होईल.

'समान काम' मोघम ठेवणं

केंद्रीय दक्षता आयोगाने १७ डिसेंबर २००२ च्या पत्रात ढोबळ माप दिलंय : गेल्या सात वर्षांत अंदाजित किमतीच्या ४० टक्क्यांची तीन, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक समान काम पूर्ण केलेलं असावं. टक्केवारी सगळे उतरवून घेतात. 'समान' म्हणजे काय, ते लिहायचं राहतं. मग डांबरीकरणाची प्रमाणपत्रं जोडून कुणी पुलाचं काम भरतो, आणि तांत्रिक लिफाफा उघडल्यावर वाद सुरू होतो. पाया कुठल्या प्रकारचा, गाळा किती मीटरचा, इमारत किती मजली, हे निविदा सूचनेतच येऊ द्या. अर्थात, एकाच ठेकेदाराच्या मापाने अटी शिवू नका. निविदा भरण्याआधी ठेकेदारांसोबत होणाऱ्या प्री-बिड बैठकीत ते लगेच उघडं पडतं आणि मग शुद्धिपत्रकामागून शुद्धिपत्रक.

अनुभवाची प्रमाणपत्रं डोळ्यांसमोर धरून वाचा. एकदा एका प्रमाणपत्राची तारीख रविवारची निघाली. देणाऱ्या कार्यालयाला विचारलं, तर त्या जावक क्रमांकावर पाणीटंचाईचं पत्र होतं.

बिलो दर आणि बँक गॅरंटी

२५-३० टक्के बिलो, म्हणजे अंदाजित किमतीपेक्षा तेवढा कमी दर आला की वरिष्ठ खूश होतात. दर पृथक्करण मागा : स्टील, सिमेंट, खडी, वाहतूक, एकेक बाब. कमी दरासाठी ठेकेदाराकडून अतिरिक्त सुरक्षा ठेव घेतली म्हणून परवडत नसलेला दर परवडायला लागत नाही.

बँक गॅरंटीची (ठेकेदार चुकला तर पैसे भरण्याची बँकेची हमी) खातरजमा बँकेकडून थेट, एसएफएमएस या बँकांच्या संदेश यंत्रणेवर किंवा शाखेच्या अधिकृत मेलवर. ठेकेदाराच्या माणसाने हातात आणून दिलेलं 'कन्फर्मेशन लेटर' फाईलला लावू नका. मुदतवाढ दिलीत की गॅरंटीची मुदतही वाढवून घ्या. हे हटकून विसरतं.

जेव्ही कागदावरच

जेव्ही म्हणजे दोन-तीन कंपन्यांनी मिळून घेतलेलं काम. कागदावर मात्र अनुभव एकाचा, पैसा दुसऱ्याचा, काम तिसऱ्याचं. हा तिसरा म्हणजे पेटी ठेकेदार, म्हणजेच पोटठेकेदार. साईटवर जाऊन आरएमसीचं (तयार काँक्रीटचं) चलन कुणाच्या नावावर येतं ते बघा, मजुरांचा पीएफ कोण भरतो ते बघा. काळ्या यादीतली कंपनी नवं नाव घेऊन आली असेल तर संचालकांचे डीआयएन, म्हणजे संचालक ओळख क्रमांक जुळवा. पाटी बदलली तरी तो क्रमांक बदलत नाही.

काम रखडल्यावर घाई

आधी स्वतःकडे बघा : जागा पूर्ण ताब्यात दिली होती का? नकाशे वेळेवर दिले? झाडं, विजेचे खांब हलवले? नसतील, तर बी-वन या ठेक्याच्या करारनाम्यातल्या कलम २ची, उशिराबद्दलच्या दंडाची नोटीस तुमच्यावरच उलटेल.

दोष ठेकेदाराचाच असेल तर कलम ३ (सी) आहे : उरलेलं काम त्याच्या जोखमीवर आणि खर्चाने दुसऱ्याकडून करून घ्यायचं. पण नोटिशींचा क्रम चुकला किंवा संयुक्त मोजमाप राहिलं, की वसुलीच्या दाव्यात हातात काही उरत नाही. मोजमापाची तारीख नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टाने कळवा. तो आला नाही तर पंचनामा, तारखेसह फोटो आणि त्याच दिवशी मोजमाप पुस्तकात नोंद. नवा ठेकेदार साईटवर येण्याच्या आधी हे झालं पाहिजे. त्याने पहिली स्लॅब टाकली, की जुनं काम कुठे संपलं ते कुणालाच दाखवता येत नाही.